ॲलोपॅथी सोडून ‘होलिस्टिक’ व्हायचंय असं विचारणाऱ्या डॉक्टरांना

प्रश्न नाशिकच्या एका एमडी मेडिसिन डॉक्टरांचा आहे. वय ३९, प्रॅक्टिस १२ वर्षं. सहा महिन्यांपूर्वी वडील स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले, शेवटचे नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते. ते लिहितात, “त्या नऊ दिवसांत मी बाबांकडे पाहिलंच नाही, त्यांचं रिपोर्टातलं क्रिएटिनिन पाहत होतो. आता ओपीडीत बसलो की माझंच प्रिस्क्रिप्शन मला खोटं वाटतं. हे सगळं सोडून होलिस्टिक प्रॅक्टिस करायची आहे. कोर्स कोणता करू, कायद्यात बसतं का, पेशंट टिकतील का? आणि बाबांची फाइल अजून टेबलावरच आहे, तिचं काय करू?”

डॉक्टर, कोर्सचं आणि कायद्याचं सांगतोच. पण आधी माझं ऐका, कारण तुम्ही जे करू म्हणताय ते मी करून बसलोय, आणि त्यातलं निम्मं चुकलं.

मी सांगलीत फिजिशियन आहे, ३१ वर्षं झाली. आमच्या हिला ४७ व्या वर्षी पोट जड वाटायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, ढेकरा यायच्या. मी ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल दिलं. महिन्याने त्यात डॉमपेरिडोन जोडलं. लघवीला वरचेवर जावं लागतंय म्हणाली तेव्हा लघवी तपासली, रिपोर्ट नॉर्मल आला, विषय संपला. या वयाच्या बाईचं पोट नव्याने फुगायला लागलं, लवकर भरायला लागलं आणि लघवीची घाई सुरू झाली की अंडाशय बघायचं, हे मी शिकाऊ डॉक्टरांना फळ्यावर लिहून देत होतो. घरी मात्र तीन महिने तिच्या पोटाला हात लावला नाही. ज्या रात्री लावला त्या रात्री पोटात पाणी होतं. सीटीत ओमेंटमची, म्हणजे पोटातल्या चरबीच्या पडद्याची, ढेप दिसली. अंडाशयाचा कॅन्सर पसरला होता.

तीन केमो, मोठं ऑपरेशन, पुन्हा तीन केमो. कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलने तिला जवळजवळ वर्षभर चांगलं ठेवलं. त्या वर्षात तिने लोणची घातली, भाचीच्या लग्नात मिरवली. हे मुद्दाम लिहितोय. पुढे दोन वर्षं मी ‘केमोने काय मिळालं?’ असं तावातावाने बोलत हिंडलो, आणि ते वर्ष दर वेळी हिशेबातून गाळलं.

बाविसाव्या महिन्यात आतडी अडकली. उलट्या थांबेनात. आयसीयू, नाकातून रायल्स ट्यूब, सेंट्रल लाइन. “अहो, घरी न्या ना मला,” असं ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मी म्हणालो, “सोडियम जरा वर येऊ दे.” अकराव्या दिवशी ती गेली. सोडियम १३१ होतं. हा आकडा मला अजून पाठ आहे, आणि दवाखान्यात आणलं त्या दिवशी तिने कोणतं पातळ नेसलं होतं, ते मला आठवत नाही. तेव्हा तुमच्या क्रिएटिनिनचं मला नव्याने काही सांगू नका.

त्यानंतर मी दवाखाना आठ महिने बंद ठेवला. उरळी कांचनला जाऊन राहिलो. १९४६ साली गांधीजींनी सुरू केलेला आणि पुढे मणिभाई देसाईंनी वाढवलेला तो निसर्गोपचार आश्रम तुम्हाला माहीत असेलच. तिथं माझं बीपी उतरलं, झोप आली. साधं जेवण, पहाटेचं चालणं, मालिश, आणि हातात मोबाइल नाही. मला वाटलं, सापडलं! परत आलो तो नवी पाटी घेऊनच. दवाखान्याच्या नावापुढे ‘समग्र’ जोडलं. पेशंटला पाऊण तास द्यायला लागलो. इथपर्यंत ठीक होतं. पण त्या पाऊण तासात माझा राग हळूहळू उपचारात उतरायला लागला. ‘या गोळ्या जन्मभर कशाला?’ हे वाक्य मी दिवसातून दहादा बोलायचो. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनबद्दल खांदे उडवायचो.

एक निवृत्त शिक्षक होते. अँजिओप्लास्टी होऊन पाच महिने झालेले. शिकलेला, विचारी माणूस. रक्ताची गुठळी होऊ न देणारं ‘क्लोपिडोग्रेल बंद करा’ असं मी त्यांना कधीच म्हटलं नाही, केसपेपरवर तसं एक अक्षर नाही. पण माझ्या सुरावरून त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. गोळ्या थांबवल्या. सतराव्या दिवशी स्टेंटमध्येच गुठळी झाली. वाचले, पण हृदयाची ताकद तीस टक्क्यांवर आली. त्यांनी मला दोष दिला नाही. उलट भेटायला गेलो तेव्हा चहा पाजला. तो चहा मी कसा प्यायलो ते मलाच ठाऊक.

दवाखान्याच्या समोरच माझा बालमित्र वैद्य आहे, तीन पिढ्यांचा. त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, मला आयुर्वेद शिकव. तो म्हणाला, “तुला आयुर्वेद पाहिजे की अपराधीपण ठेवायला कपाट पाहिजे?” मग त्याने चरकसंहितेतलं साध्यासाध्य विवेकाचं प्रकरण माझ्यापुढे ठेवलं. वैद्याने औषधाला हात घालण्याआधी रोग सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य की प्रत्याख्येय (ज्याला हात घालू नये असा) हे ठरवायचं असतं. याप्य म्हणजे मुळासकट जाणार नाही, पण उपचार चालू आहेत तोवर माणसाला सावरून धरता येईल असा. पडायला आलेल्या घराला खांबाचा टेकू द्यावा, तसं. “तुझी बायको आधी याप्य होती, मग ते पण राहिलं नाही,” तो म्हणाला. “ही रेघ ओलांडल्याचं तुमच्या आयसीयूत कोण सांगतं?” मला उत्तर देता आलं नाही. उत्तर आमच्या पॅथीतही होतं, पण ते मला माहीत नव्हतं. हे पुढे कळलं, आणि तेच माझ्या या लांबलेल्या पत्राचं कारण आहे.

दुसऱ्या वर्षी एका मित्राच्या आग्रहाने मी केरळात पॅलिएटिव्ह मेडिसिनच्या, म्हणजे रोग बरा होणारा नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, निवासी प्रशिक्षणाला गेलो. १९९३ साली कालिकतला काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचा छोटा दवाखाना सुरू केला आणि त्यातून तिथं गावोगाव स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. पोस्टमन, रिक्षावाले, शिक्षिका घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना बघतात. तिसऱ्या का चौथ्या दिवशी वर्गाचा विषय होता, कॅन्सरने आतडी अडकलेला पेशंट. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर उलटी आणि कळ आवरणाऱ्या औषधांची चार नावं लिहिली. हॅलोपेरिडॉल, डेक्सामेथासोन, ब्युस्कोपान, ऑक्ट्रिओटाइड. दंडावर किंवा छातीवर कातडीखाली एक बारीक बटरफ्लाय सुई ठेवायची आणि त्यातून औषध द्यायचं. सलाइन लागतंच असं नाही, पुष्कळांना नळीही लागत नाही. ओठ ओले ठेवायचे, बर्फाचा खडा चघळायला द्यायचा. घरच्यांना शिकवलं तर बहुतेक घरी होतं.

चारांतली तीन औषधं माझ्या दवाखान्याच्या कपाटात होती. चौथं कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळालं असतं.

मी वर्गातून उठून बाहेर आलो. ती म्हणाली होती, घरी न्या. नेता आलं असतं. तिला जे हवं होतं ते हिमालयातल्या कुठल्या जडीबुटीत नव्हतं, ते माझ्याच शास्त्रात होतं आणि मला कोणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षं मी भांडत होतो ते भलत्याच माणसाशी.

म्हणून तुम्हाला विचारतो. तुमच्या वडिलांच्या त्या नऊ दिवसांत नेमकं काय कमी पडलं? आयुर्वेद कमी पडला का? होमिओपॅथी? की ‘आता व्हेंटिलेटर नको’ असं स्वच्छ मराठीत म्हणणारा एक डॉक्टर, पोटातली कळ थांबवणारं मॉर्फिन, आणि त्यांच्या उशाशी बसायची परवानगी? कागद घेऊन लिहा. माझी यादी नऊ ओळींची झाली होती, त्यात एकही ओळ पॅथीची निघाली नाही.

सिसिली सॉन्डर्सची गोष्ट तुमच्या वयाला लागू पडते. लंडनमधली ही बाई आधी नर्स, पाठीच्या दुखण्यामुळे ते सोडून रुग्णालयातली समाजसेविका. १९४८ मध्ये तिच्या वॉर्डातला डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित कॅन्सरने गेला. तिचा त्याच्यावर जीव जडला होता. जाताना त्याने तिला ५०० पौंड ठेवले, तू जे घर बांधशील त्यात मी एक खिडकी होईन म्हणून. एका सर्जनने तिला सल्ला दिला की मरणाऱ्या पेशंटला डॉक्टरच टाकून जातात, तेव्हा तू आधी डॉक्टर हो. १९५७ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ती डॉक्टर झाली. १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांसाठीचं घर, उघडलं. वेदना शरीराची असते तशीच मनाची, घरच्या पैशाअडक्याची आणि श्रद्धेचीही असते, या सगळ्याला मिळून तिने ‘टोटल पेन’ म्हटलं. यापेक्षा होलिस्टिक ते काय असतं? आणि ही बाई दर चार तासांनी तोंडावाटे मॉर्फिन देण्याबद्दल किती काटेकोर होती, तेही वाचा. दुःख झालं म्हणून तिने मेडिसिन सोडलं नाही, ती मेडिसिनमध्ये शिरली.

आपल्याकडेही हे काम नवं नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. टाटा मेमोरियलमध्ये तर वेगळा विभागच आहे. ‘ही शरणागती आहे’ असं कोणी म्हणालं तर त्याला बोस्टनचा २०१० चा अभ्यास दाखवा. फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेले १५१ पेशंट. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह टीम. दुसऱ्या गटाला नैराश्य कमी आलं, शेवटी शेवटी आक्रमक उपचारही कमी झाले, आणि तरी ते जास्त जगले. ११.६ महिने, विरुद्ध ८.९.

आता दुसरी बाजू, कारण तुम्ही चिडून मला ‘शेवटी ॲलोपॅथवालाच’ म्हणाल. मी योग सांगतो, आणि मनापासून सांगतो. केमोच्या काळातला थकवा आणि झोप यावर त्याचा उपयोग होतो. चालायला लावतो, श्वास शिकवतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला गोळीआधी ताटाकडे बघायला लावतो. चेन्नईच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या अभ्यासात नुसत्या आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी उतरला, मेटफॉर्मिनच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी. अमेरिकेतल्या अशाच अभ्यासात जीवनशैलीचा आकडा ५८ होता. आपला निम्माच आला म्हणून लपवायचं कारण नाही, पेशंटला दोन्ही आकडे सांगतो. वनस्पतींचं म्हणाल तर मुंबईच्या रुस्तम वकीलांनी सर्पगंधेवरचा रक्तदाबाचा अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचे डोळे उघडले. लहान मुलांच्या ल्युकेमियात आपण जे व्हिन्क्रिस्टिन देतो ते कुंपणावरच्या सदाफुलीचं. झाडपाल्याला मी कशाला नाक मुरडू?

पण मी राहतो हळदीच्या पेठेत. इथं सौदे निघतात तेव्हा हवेलासुद्धा पिवळा वास असतो, आणि महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, “डॉक्टर, हळदीने कॅन्सर जातो ना?” हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जेमतेम उतरतं. प्रयोगशाळेच्या बशीत पेशी मरतात, म्हणून माणसाच्या पोटातला गोळा विरघळत नाही. गुळवेलीचं तर कोरोनाच्या वर्षात बघितलंच. २०२० मध्ये लोक ती काढा करून रोज पीत होते, आणि मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा जणांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. ‘नैसर्गिक’ हा शब्द मी ओपीडीत वापरणं सोडून दिलं आहे. आणि कॅन्सरचे रूढ उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ जणांचा येलच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये छापलेला मागोवा बघा. रूढ उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत मृत्यूचा धोका अडीच पट, स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाचपटीच्या वर. ज्या बाईची गाठ ऑपरेशनने जाणारी आहे तिला आपण पाऊण तास प्रेमाने ऐकलं आणि काढा देऊन घरी पाठवलं, तर ते प्रेम कुठल्या रकान्यात लिहिणार?

कायदा थोडक्यात. तुमची नोंदणी ज्या पद्धतीची, औषध त्याच पद्धतीचं. सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा पूनम वर्मा निकाल होमिओपॅथीच्या डॉक्टरने दिलेल्या ॲलोपॅथी औषधाबद्दल होता. पण ज्या पद्धतीचं ज्ञान नाही ती वापरणारा तो भोंदू, हे तत्त्व आपल्यालाही तितकंच लागू पडतं. शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेटने तुम्हाला भस्म लिहून देता येणार नाही. मी देत नाही, समोर वैद्यमित्राकडे पाठवतो. तो माझ्याकडे पाठवतो. दोघांच्या औषधांची यादी एकाच वहीत असते आणि ती वही पेशंटकडे असते. आमचं ‘इंटिग्रेटिव्ह’ म्हणजे ती दहा रुपयांची वही. पाटीवर ‘कॅन्सर, मधुमेह मुळापासून बरा’ असलं काही लिहू नका, १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने तो गुन्हा आहे.

कोर्स पॅलिएटिव्हचा करा. ओपीडी न सोडता करता येण्यासारखे छोटे अभ्यासक्रम आहेत. आणि त्यातला वॉर्डातला भाग चुकवू नका, व्हिडिओ बघून हे येत नाही. मग मॉर्फिनचा पाठपुरावा करा. अमली पदार्थ कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर परवानग्यांचं जंजाळ पुष्कळ कमी झालं. मान्यताप्राप्त संस्था म्हणून नोंद झाली आणि प्रशिक्षित डॉक्टर असला की साठा ठेवता येतो. तरी कितीतरी ठिकाणी कॅन्सरचा पेशंट रात्रभर ओरडतो आणि दहा मिलिग्रॅमची साधी स्वस्त गोळी मिळत नाही. तुमच्या तालुक्यात ती आणलीत तर कुठल्याही शिरोधारेपेक्षा मोठं काम केलंत. सोबत बद्धकोष्ठासाठी रेचक लिहायला विसरू नका, सगळे विसरतात.

पेशंट टिकतात का? बरेच गेले. पूर्वी दिवसाला साठ बघायचो, आता पंचवीस. गुरुवारी दुपारी ओपीडी नाही, घरभेटी. पहिली दोन वर्षं उत्पन्न निम्म्यावर आलं, चार खाटांचा वॉर्ड बंद केला, गाडी बदलायची राहिली. मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगला होती, तिच्या फीचे दोन हप्ते मेव्हण्याने भरले. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगितलं. नंतर जमलं. तुमच्यावर ईएमआय असतील तर एकदम उडी मारू नका.

एक खासगीतलं. तुम्ही झोपता का? वजन उतरलंय का? मी नवव्या महिन्यात एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो, तेही मिरजेला, सांगलीत कोणी बघेल म्हणून. नैराश्याचं एस्सिटॅलोप्रॅम सात महिने घेतलं. ‘समग्र’ पाटीखाली बसून लोकांना गोळ्यांविरुद्ध भाषण द्यायचो आणि स्वतः रात्री गोळी घ्यायचो, असा दांभिक काळ होता तो. पण त्या गोळीने आणि त्या बाईंच्या प्रश्नांनी मला पुन्हा माणसात आणलं. सहा महिन्यांचा शोक घेऊन आयुष्याचा धंदा बदलायचा निर्णय तुमच्या पेशंटने घेतला असता, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असतात?

आणि फाइल. माझ्याकडचीही चौदा महिने टेबलावर होती. एक दिवस ती घेऊन मी एका कॅन्सरतज्ज्ञ मित्राकडे गेलो. म्हटलं, डॉक्टर म्हणून वाच, मित्र म्हणून नको. त्याने दीड तास वाचली. त्या तीन महिन्यांबद्दल तो म्हणाला, “लवकर सापडला असता तरी बहुधा याच स्टेजला सापडला असता. बहुधा म्हणतोय, नक्की म्हणत नाही.” शेवटच्या अकरा दिवसांच्या पानांवर त्याने पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा केल्या. इथं थांबायला हवं होतं, इथं, आणि इथं. मी त्या तीन पानांच्या झेरॉक्स काढल्या. आता आमच्याकडे शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी त्या वाचायला देतो, नाव झाकून. बाकीची फाइल तिच्या साड्यांच्या कपाटात आहे.

तुमची घेऊन या. सांगलीला या, गुरुवारी या. दोन वाजता मी घरभेटींना निघतो, गाडीत एक जागा असते.